गेंड्या की सोंड्या: माडावरचे दोन भुंगे ओळखायचे आणि आवरायचे कसे

माडाच्या शेंड्यात भोक दिसले की बागेत पहिला प्रश्न येतो तो औषधाचा. त्याआधी भुंगा कुठला ते ठरवायला हवे. नारळावर दोन मोठे भुंगे येतात. एकाच्या डोक्यावर शिंग असते, तो गेंड्या भुंगा, शास्त्रीय नाव ऑरिक्टिस ऱ्हायनोसेरॉस. दुसऱ्याला पुढे लांब सोंड असते, तो लाल सोंड्या भुंगा, शास्त्रीय नाव ऱ्हिंकोफोरस फेरुजिनियस. कोकणात आणि गोव्यात दोन्ही आहेत, पुष्कळदा एकाच बागेत आणि कधी एकाच माडावर.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली की पुढचे सगळे सोपे जाते. गेंड्याचा भुंगा माड खातो, त्याची अळी माडाला हातही लावत नाही. ती शेणखतात आणि कुजक्या लाकडात वाढते. सोंड्याचे नेमके उलटे आहे. भुंगा फक्त अंडी घालायला येतो, खरा नाश अळी करते, आणि ती जन्मापासून कोष होईपर्यंत खोडाच्या आतच राहते. म्हणून गेंड्याचा बंदोबस्त अर्धा माडावर आणि अर्धा गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, करावा लागतो. सोंड्याचा बंदोबस्त खोडात, आणि तोही वेळेत. गेंड्यासाठी खोडात औषध ओतणे किंवा सोंड्या लागलेल्या माडाच्या बेचक्यात, म्हणजे झावळीचे बूड आणि खोड यांच्यामधल्या खाचेत, पेंड भरत बसणे, दोन्हींत पैसा जातो आणि दुसऱ्या चुकीत माडही जातो.

हातात भुंगा असेल तर

गेंड्या काळा, चकचकीत, जाडजूड, साधारण ३५ ते ५० मिलिमीटर लांब. पोटाकडून तांबूस तपकिरी. शिंग नर आणि मादी दोघांनाही असते, नराचे लांब आणि मागे वळलेले, मादीचे आखूड. फक्त शिंगावरून नर-मादी ठरवू नका, कारण लहान अंगाच्या नराचे शिंगही आखूडच असते. भुंगा उलटा करून शेपटाकडचे टोक पाहा. तिथे तांबूस केसांचा दाट झुबका असेल तर मादी, टोक गुळगुळीत असेल तर नर. हा भुंगा रात्रीचा. पहिल्या पावसानंतर पडवीतल्या दिव्यावर येऊन धाडकन आपटतो तो हाच.

शेणातला काळा भुंगाही असाच गोलमटोल दिसतो आणि त्याच्या काही जातींना शिंगही असते. पण तो बहुधा खूप लहान असतो, त्याचे पुढचे पाय शेण उकरायला फावड्यासारखे असतात, आणि तो माडावर कधी चढत नाही. त्याला मारू नका, तो जमीन भुसभुशीत करतो.

सोंड्या तांबूस तपकिरी, अंगाने अरुंद आणि निमुळता, सोंडेसकट साधारण ३५ मिलिमीटर. मानेच्या ढालीवर काळे ठिपके असतात, पण त्यांची संख्या आणि आकार बदलतो, तेव्हा ठिपके मोजत बसू नका; सोंड पाहा. नराच्या सोंडेच्या वरच्या बाजूला टोकाकडे आखूड केसांचा ब्रश असतो, मादीची सोंड गुळगुळीत, बारीक आणि जरा जास्त वळलेली. हा दिवसाही उडतो आणि दिव्याकडे ओढला जात नाही. त्यामुळे प्रकाश सापळा लावून सोंड्या मिळाला नाही याचा अर्थ बागेत सोंड्या नाही असा होत नाही.

अळी सापडली तर

अळीवरून ओळख आणखी सोपी. पाय पाहा. गेंड्याच्या अळीला छातीशी पायांच्या तीन जोड्या असतात. ती पांढुरकी, जाड, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची असते आणि पूर्ण वाढल्यावर मोठ्या माणसाच्या अंगठ्याहून जाड होते. सोंड्याच्या अळीला पाय नसतातच. ती पिवळसर पांढरी, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, सुमारे ५ सेंटिमीटर.

जागाही सांगते. जिवंत माडाच्या खोडात मिळालेली अळी सोंड्याची. गायरीत मिळालेली बहुधा गेंड्याची, पण इथे गल्लत होते. शेणखतात फुलभुंग्यांच्या अळ्याही असतात आणि त्या माडाला काही करत नाहीत. चार-पाच अळ्या सपाट फरशीवर सोडा. पाठीवर उताणी होऊन सरपटत जाते ती फुलभुंग्याची. कुशीवर पडून वळवळते ती गेंड्याची असण्याची शक्यता जास्त, आणि आकारानेही ती बरीच मोठी होते.

कोषातही असाच फरक आहे. गेंड्याची अळी खतात किंवा खालच्या मातीत घट्ट दाबलेली कोठडी करते. सोंड्याची अळी माडाचे धागे गुंडाळून लांबट गोळा करते. झावळीच्या बुडाशी किंवा माडाखाली असा काथ्याचा गोळा सापडला तर तो सोंड्याच आहे, आणि एक पिढी त्या माडात आधीच वाढून गेली आहे.

भुंगा हाती नाही, माड समोर आहे

बहुतेक वेळा परिस्थिती हीच असते.

गेंड्या न उमललेल्या पानात, म्हणजे सुईत, वरून किंवा बेचक्यातून शिरतो. आत धागे चावतो, रस पितो आणि चोथा बाहेर ढकलतो. सुई मिटलेली असताना घातलेला एकच घाव घडीच्या सगळ्या पात्यांतून आरपार जातो, म्हणून झावळ उमलल्यावर दोन्ही बाजूंना सारखे, कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. घडी घातलेल्या कागदाचा कोपरा कापून कागद उलगडावा तसे. माडावर असा काप दुसरा कोणताही किडा करत नाही. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, न उमलताच पोखरली गेली तर ती जागीच सुकते आणि त्या पोयीचे नारळ गेले.

या कापांवरून हल्ल्याचा काळही काढता येतो. बाणवली, म्हणजे उंच जातीच्या, माडाला वर्षाला साधारण १२ ते १४ झावळ्या येतात, म्हणजे महिन्याला एक. सुईपासून खाली मोजत जा. काप पाचव्या झावळीवर असेल आणि त्याच्या वरच्या चारही झावळ्या कोऱ्या असतील, तर हल्ला होऊन बरेच महिने झाले आहेत आणि भुंगा कधीच निघून गेला आहे. अशा माडावर औषध वाया जाते. काप सर्वात वरच्या झावळीवर असेल आणि बेचक्यात ओला, ताजा चोथा असेल, तर भुंगा आत आहे असे धरून वर चढा. चोथ्याचा रंग पाहा: ताजा फिकट आणि ओलसर, जुना काळपट आणि कोरडा.

सोंड्याची खूण अशी उघड नसते आणि त्यातच त्याचा धोका आहे. सुरुवातीला माड हिरवागार दिसतो. मग खोडावर बारीक भोके, त्यांतून ओघळलेला तपकिरी चिकट द्रव, भोकाच्या तोंडाशी चावलेल्या धाग्यांचा लगदा आणि आंबलेल्या माडीसारखा वास. खोडाला कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो. सकाळी वारा पडलेला असताना ऐका. साधा स्टेथोस्कोप मिळाला तर आणखी बरे. खोड बोटांनी ठोकत जा, पोकळ जागी आवाज बदलतो. मधल्या झावळ्या पिवळ्या पडून मलूल झाल्या किंवा शेंडा एका बाजूला कलला, तर वेळ निघून जाते आहे. सोंड्याला ५ ते २० वर्षांचे माड विशेष आवडतात, कारण त्यांचे खोड अजून मऊ असते. लहान वयाच्या माडात तो जमिनीलगतही शिरतो, म्हणून तपासणी बुंध्यापासून सुरू करा, माती थोडी बाजूला सारून.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते, ती कोंबकुजीची. हा बुरशीचा रोग. यात सुई निस्तेज होते, हलकी ओढली तरी हातात येते, आणि बुडाशी कुजका घाण वास येतो. चोथा नसतो, भोक नसते. सुई कोमेजलेली आहे पण ओढून निघत नाही आणि बाजूला चोथा आहे, तर गेंड्या. हा फरक करणे अगत्याचे आहे, कारण कोंबकुजीला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लागते आणि तिथे दिवस नाही, तास महत्त्वाचे.

गेंड्या: माडावरचे काम

भुंगा ओढून काढायचा आकडा म्हणजे ५ ते ६ मिलिमीटर जाडीची, ४५ ते ६० सेंटिमीटर लांब लोखंडी सळई, टोक चपटे करून माशाच्या गळासारखे उलटे वळवलेले. चोथा बोटांनी काढा, भोकाची दिशा पाहा आणि सळई त्याच दिशेने हळूहळू सारा. टोकाला कडक काही लागले की थोडे दाबून फिरवा आणि ओढा. भुंगा मेला तरी आत ठेवू नका, काढाच. तो आत कुजला तर सोंड्याला वास जातो.

चूक होते ती घाईत. भोक तिरके असते आणि सळई सरळ खाली रेटली तर ती कोंबाच्या गाभ्यात शिरते. माडाला वाढीचा कोंब एकच. तो दुखावला तर भुंग्याने जे केले नसते ते आकड्याने होते. रोपे आणि तीन-चार वर्षांचे माड यांच्यासाठी सायकलच्या आरीसारखी बारीक तार घ्या.

भुंगा काढल्यावर भोक आणि आजूबाजूच्या बेचक्या भरायच्या. २५० ग्रॅम निंबोळी पेंडीची भुकटी आणि तितकीच बारीक वाळू एकत्र करून सर्वात वरच्या, आतल्या तीन झावळ्यांच्या बेचक्यात वाटून टाका. वर्षातून तीनदा: मे महिन्यात पावसाच्या आधी, सप्टेंबरात आणि डिसेंबरात. पेंड भुकटी करूनच घाला. ढेकळे वर अडकून राहतात, पहिल्या सरीत वाहून जातात आणि बेचकीचा तळ मोकळाच राहतो. वाळू नुसती भर म्हणून नाही. ती भुंग्याला आत शिरायला जागा ठेवत नाही आणि त्याच्या अंगाच्या सांध्यांत घासते. समुद्राची वाळू आणली तर धुऊन घ्या.

लहान माडांना डांबर गोळ्याही चालतात. माडाला ३ ते ४ गोळ्या, आतल्या तीन बेचक्यांत वाटून, वर वाळू, आणि दर ४५ दिवसांनी पुन्हा. वाळू न घालता गोळी उघडी ठेवली तर उन्हात लवकर उडून जाते. माड उंच झाला की दर दीड महिन्याला वर चढणे परवडत नाही, तिथे पेंडच बरी. किनाऱ्यावरच्या बागांना आणखी एक सोय आहे, मासेमारीची जुनी बारीक जाळी. तिचे तुकडे वरच्या बेचक्यांत सैल खोचले की भुंग्याचे काटेरी पाय त्यात अडकतात. सुईभोवती मात्र जाळी आवळू नका, पान उमलताना फाटते.

जुन्या पत्रकांत बेचक्यात फोरेटचे दाणे टाकायला सांगितलेले असते. भारतात फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. घरात जुनी पिशवी पडली असेल तर ती वापरू नका आणि कोणाला देऊही नका.

गेंड्या: गायरीतले काम

वरचे सगळे नीट केले आणि घरामागची गायरी तशीच ठेवली तर पुढच्या पावसात भुंगे परत. एक मादी शंभराच्या वर अंडी घालते. अंडे ते भुंगा हा प्रवास साधारण पाच ते आठ महिन्यांचा, त्यातले तीन ते सहा महिने अळीचे. म्हणजे खत एका जागी सहा-आठ महिने न हलवता पडून राहिले की एक पिढी पुरी.

पहिला उपाय फुकटचा आहे: दर दोन ते तीन महिन्यांनी गायरी खालपर्यंत उपसा. अळ्या वरच्या थरापेक्षा आत ओलाव्यात असतात, म्हणून फावड्याने वरवर चाळवून उपयोग नाही. उपसलेले खत पसरले की कोंबड्या आणि बगळे उरलेले काम करतात. वेचलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाका. खत पिकल्याबरोबर शेतात घाला, साठवून ठेवू नका.

दुसरा उपाय हिरव्या बुरशीचा, मेटारायझियमचा. शिफारस आहे एका घनमीटर खताला ५०,००० कोटी बीजाणू. हा आकडा डोळे फिरवतो, पण पाकिटावरून हिशेब सोपा निघतो. पाकिटावर एका ग्रॅममध्ये १० कोटी बीजाणू असे लिहिले असेल तर घनमीटरला ५ किलो लागेल. १०० कोटी लिहिले असेल तर ५०० ग्रॅम पुरे. गायरी २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि १ मीटर खोल असेल तर ती ३ घनमीटर. पहिल्या पाकिटाने १५ किलो, दुसऱ्याने दीड किलो. पुष्कळ जण कुठलेही पाकीट आणून एक मूठ भुरभुरतात आणि मग बुरशी चालत नाही म्हणतात.

पावडर पाण्यात कालवून, खत थराथराने उपसत प्रत्येक थरावर शिंपडा. ओलावा आणि सावली हवी, म्हणून जून ते सप्टेंबर हा काळ उत्तम. उन्हाळ्यात करायचेच असेल तर आधी खत भिजवा आणि वर झावळ्या टाका. त्याच खतावर बुरशीनाशक पडता कामा नये. बोर्डोचे भांडे गायरीत धुतले तरी नुकसान होते. पाकीट थंड जागी ठेवलेले आणि मुदतीतले असावे. दोन-तीन आठवड्यांनी उकरून पाहा. बुरशीने मेलेली अळी कुजत नाही, ती कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरव्या भुकटीने माखलेली. अशा अळ्या वेचून फेकू नका, खतातच कुस्करून पसरा, त्यातून बुरशी पुढे जाते.

गायरीवर जुनी मासेमारीची जाळी दोन-तीन घड्या करून पसरली तर आत जाणारे आणि बाहेर पडणारे दोन्ही भुंगे गुंततात. मात्र रोज एकदा नजर टाका, जाळीत साप आणि पक्षीही अडकतात.

गायरीइतकीच वाईट जागा म्हणजे मेलेला माड. शेंडा गेलेला उभा सोट, पडलेले खोड, जमिनीत राहिलेला खुंट, लाकडाच्या वखारीतला ओला भुसा, या सगळ्यांत गेंड्या वाढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर माड-पोफळींची मोठी पडझड झाली. अशा वादळानंतर पहिल्या काही महिन्यांतच खोडे कापून, उभी चिरून, वाळवून जाळणे किंवा वापरून टाकणे भाग असते. चिरून सुकवलेल्या लाकडात अळी जगत नाही; मातीला टेकलेल्या ओल्या ओंडक्यात ती मजेत वाढते.

खत बाहेरून आणताना ते कुठून येते याकडेही लक्ष द्या. हा भुंगा मूळचा आपल्याकडचा आणि आग्नेय आशियातला. १९०९ साली रबराच्या रोपांबरोबर तो सामोआ बेटावर पोहोचला आणि तिथून प्रशांत महासागरातल्या बेटांवर पसरला. त्याला आवरणारा विषाणू १९६३ मध्ये मलेशियात सापडला, १९६७ मध्ये सामोआत सोडला गेला आणि तिथे भुंगे झपाट्याने कमी झाले. भारतात तो १९८३ मध्ये लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर सोडण्यात आला. २००७ मध्ये ग्वाममध्ये मात्र अशा वाणाचा गेंड्या निघाला ज्याच्यावर नेहमीच्या वापरातला विषाणू चालत नाही. विषाणूचे काम संशोधन केंद्रामार्फतच होते, पण दुरून आणलेल्या खतातून अळ्या येऊ न देणे प्रत्येकाच्या हातात आहे.

सोंड्या: आधी दार बंद

सोंड्याची मादी धडधाकट खोडात सहसा अंडी घालत नाही. तिला जखम हवी असते: हिरवी झावळ कापल्याचा ताजा घाव, चढण्यासाठी खोडात पाडलेल्या खाचा, खणताना बुंध्याला लागलेली कुदळ, वीज पडून फुटलेले खोड, कोंबकुज, आणि सर्वात जास्त, गेंड्याने केलेले भोक. जखमेतून आंबणाऱ्या रसाचा वास तिला दुरून ओढतो.

हिरवी झावळ शक्यतो कापूच नका. कापावीच लागली तर खोडापासून १२० सेंटिमीटर देठ ठेवून कापा. घाव देठाच्या टोकाला राहतो, अळी खाली पोहोचेपर्यंत देठ वाळून जातो. कोयता खोडालगत चालवून माड 'स्वच्छ' करण्याची सवय फार महागात पडते. नारळ पाडणाऱ्याला, गोव्यात पाडेलीला, हे काम सुरू होण्याआधीच सांगा. खाचा पाडू नका, दोरीचा फास किंवा चढण्याचे यंत्र वापरा. कुठलीही जखम झाली तर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट किंवा डांबर लावा. दुसऱ्या दिवशी लावले तर कदाचित अंडी आत आणि डांबर वर. अंडी दोन ते पाच दिवसांत फुटतात.

सोंड्या आत असेल तर

प्रथम ठरवा, माड वाचण्यासारखा आहे का. खोडावर भोके आहेत, द्रव गळतो आहे, पण सुई ताठ आणि हिरवी आहे, तर उपचार करा. सुई पडली, गाभा मऊ झाला, शेंडा कलंडला, तर उपचाराचा खर्च करू नका.

उपचाराआधी काढण्यासारखे नारळ आणि शहाळी उतरवून घ्या. मग सर्व भोके शोधून खडूने खूण करा. सर्वात वरचे भोक ठेवून बाकीची चिखलाने किंवा सिमेंटने बंद करा. वरचे भोक गिरमिटाने खाली तिरके थोडे रुंद करा, म्हणजे द्रव आत उतरेल. केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेच्या शिफारशीप्रमाणे इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के हे औषध १ लिटर पाण्यात १ मिलिलिटर मिसळून, नरसाळ्याने ते १ लिटर हळूहळू ओता. पटकन ओतले तर उलट बाहेर येते. थांबत थांबत, मुरू देत. संपल्यावर हे भोकही बंद करा. हल्ला शेंड्यात असेल तर आधी कुजका चोथा साफ करा आणि मग त्याच प्रमाणातले द्रावण तिथे ओता.

हातमोजे घाला, वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका, आणि हे औषध फवारू नका. पोय उमललेली असताना तिच्यावर मधमाश्या असतात आणि इमिडाक्लोप्रिड त्यांना मारते. लेबलवर लिहिलेला प्रतीक्षा काळ संपेपर्यंत त्या माडाचा नारळ खाऊ नका, माडी तर नाहीच. सेल्फॉसच्या, म्हणजे धान्यातल्या किड्यांसाठीच्या विषारी, गोळ्या खोडात कोंबण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्यांचा वायू माणसाला मारतो आणि सामान्य माणसाने त्या बाळगणेच धोक्याचे आहे.

आठवड्याने कान लावा. कुरतडणे ऐकू आले किंवा नवीन ओला द्रव दिसला तर पुन्हा तसेच करा. दोनदा करूनही आवाज येत राहिला तर कुठले तरी भोक सुटले आहे, बहुधा झावळीच्या बुडाआड किंवा मातीच्या रेषेखाली.

मेलेला माड तसाच उभा ठेवणे म्हणजे शेजारच्या माडांना सोंड्या पुरवणे. एकाच खोडात अंडी, अळ्या, कोष आणि भुंगे सगळे एकदम असतात आणि पिढी तीन-चार महिन्यांत पुरी होते. खोड तोडून, उभे चिरून, तिथेच जाळा. ओंडके गाडीत घालून दुसऱ्या वाडीत सरपणाला पाठवले तर भुंगेही त्याच गाडीने जातात. आखातात खजुराच्या बागा सांभाळणाऱ्या मराठी माणसांनाही हा भुंगा ओळखीचा असेल; १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तो तिथे खजुरावर आहे, आणि झाडे-रोपे इकडून तिकडे नेण्यातूनच तो पसरला.

सापळे, पण दोन वेगळे

दोन भुंग्यांचे कामगंध, म्हणजे आपल्याच जातीच्या भुंग्यांना ओढणारे वास, वेगळे आहेत. एकाच्या गंधाची वडी (ल्युअर) दुसऱ्याला ओढत नाही, तेव्हा दुकानात 'नारळाचा ल्युअर' एवढेच मागू नका, भुंग्याचे नाव सांगा.

सोंड्यासाठी ५ लिटरची बादली, वरच्या कडेखाली चार भोके, बाहेरून गोणपाट गुंडाळलेले. सोंड्या बहुधा बादलीवर उतरून चालत आत जातो. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून त्याचे पाय घसरतात, म्हणून गोणपाट वगळू नका. आत लिटरभर साबणाचे पाणी आणि पिकलेले केळे, उसाचे किंवा कोवळ्या देठाचे तुकडे. झाकणाखाली वडी टांगा. नुसत्या वडीवर थोडे भुंगे येतात, आंबणाऱ्या खाद्याबरोबर कितीतरी जास्त. खाद्य आणि पाणी दर आठवडा-दहा दिवसांनी बदला. पाणी सुकले की आलेला भुंगा परत उडून जातो, आणि सापळे निकामी होण्याचे हे सर्वात मोठे कारण आहे. सापळा कमरेच्या ते छातीच्या उंचीवर, सावलीत, हेक्टरी एक. नारळाच्या खोडाला बांधू नका आणि ५ ते २० वर्षांच्या माडांच्या मधोमध ठेवू नका. वासाने आलेले सगळेच भुंगे बादलीत पडत नाहीत, काही शेजारच्या माडावर बसतात. बांधावरचे आंब्याचे किंवा काजूचे झाड चांगले.

गेंड्यासाठी उंच खांबावर पत्र्याचे उभे पंख लावलेली बादली लागते. तो उडत येऊन पंखावर आदळतो आणि खाली पडतो, चढून आत जात नाही. प्रमाण तेच, हेक्टरी एक. सोबत १ किलो एरंडीची पेंड ५ लिटर पाण्यात आंबवून रुंद तोंडाच्या मडक्यांत बागेत ठेवली तरी गेंड्या येऊन पडतो; मडक्यातले मेलेले भुंगे आठवड्याला काढा. प्रकाश सापळा पहिल्या पावसानंतरचे काही आठवडे कामाचा.

एकट्याने सापळा लावला तर शेजाऱ्यांचे भुंगेही तुमच्या बागेकडे वळतात. वाडीतल्या चार-पाच बागांनी मिळून लावले तरच त्याचा अर्थ आहे.

दोन्ही एकाच माडावर

क्रम चुकवू नका. आधी सोंड्या, कारण तो माड मारतो. खोडातला उपचार त्याच दिवशी करा. मग आकड्याने गेंड्या काढा, भोकात पेंड-वाळू भरा, जखमेला पेस्ट लावा. तिसरे, त्या माडापासून दिसेल तेवढ्या अंतरातली गायरी आणि मेलेली खोडे तपासा. प्रत्येक माडाला रंगाने क्रमांक घाला आणि वहीत तारीख, कुठे भोक होते, काय केले ते लिहा. शंभर माडांच्या बागेत आठवणीवर भागत नाही.

उपचारानंतर लगेच माडाकडे पाहून निराश होऊ नका. कोंबात आधीच कापल्या गेलेल्या झावळ्या पुढचे काही महिने कापलेल्याच उमलत राहतील. हा नवा हल्ला नाही. उपचाराच्या दिवशीच्या सर्वात वरच्या झावळीच्या देठाला रंगाचा ठिपका द्या आणि दर महिन्याला त्याच्या वरच्या झावळ्या पाहा. काप वर सरकायचे थांबले आणि बेचक्यात ओला चोथा नसेल, तर माड मोकळा झाला. ठिपक्याच्या वर सहा-सात झावळ्या आल्यानंतरही काप येत असतील, तर पुन्हा गायरी उपसायला घ्या.